सहावी ते आठवीच्या मुलांना सीपीआर शिकवावा का? आणि शिकवायचा तर नेमकं काय-काय?

कोयनाकाठ | २८ जून, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. मी सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या शाळेत विज्ञान शिकवते. गेल्या आठवड्यात प्रार्थनेच्या वेळी आमचे शिपाईमामा उभ्याउभ्या कोसळले. आम्ही सगळे धावलो. कोणी वहीने वारा घालतंय, कोणी तोंडात पाणी ओततंय, स्वयंपाकाच्या मावशी कांदा फोडून घेऊन आल्या. त्या गर्दीत सातवीतला एक मुलगा माझा पदर ओढून म्हणाला, "बाई, त्यांचा श्वास चालू आहे का बघितलं का?"

नव्हतं बघितलं. आम्ही अकरा मोठी माणसं तिथे होतो आणि एकानेही नव्हतं बघितलं.

मामांना नुसती चक्कर आली होती, उपाशीपोटी आले होते. पाच मिनिटांत उठून बसले. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये. त्या मुलाने ते मोबाइलवर कुठेतरी पाहिलं होतं म्हणे.

तर मला दोन शनिवार मिळून सहावी ते आठवीच्या मुलांना सीपीआर (हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून, जमल्यास तोंडाने श्वास देऊन करायची मदत) आणि तातडीचे प्रथमोपचार शिकवायचे आहेत. एकूण ९४ मुलं. मुख्याध्यापक सर हो म्हणालेत, पण शिक्षकखोलीत दोन तट पडलेत. "एवढ्याशा मुलांना हे कशाला?" असं निम्म्या जणांचं म्हणणं. तुमचं मत सांगा. वय योग्य आहे का, काय शिकवावं, काय मुद्दाम टाळावं? आणि सरावाची ती बाहुली कुठून आणायची? आमच्याकडे त्यासाठी पैसे नाहीत.

---

शिट्टीवाला

जरूर शिकवा. मी शाळेत असताना आरएसपीत (शाळेच्या रस्ता सुरक्षा दलात) होतो, आधी स्काउटही केलं. त्रिकोणी पट्टीची झोळी आणि रीफ गाठ आजही डोळे मिटून बांधतो. पण श्वास बघायला आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं, हे तुमचं वाचताना पहिल्यांदाच लक्षात आलं.

---

मनवाचीआई

मी विरोधात लिहितेय, राग मानू नका. माझी मुलगी सहावीत आहे, अकरा वर्षांची. उद्या घरी आजोबांना काही झालं, तिने शिकवल्याप्रमाणे सगळं केलं आणि तरी ते गेले, तर? ते ओझं ती आयुष्यभर वाहील. आपण मोठे नीट शिकलो नाही म्हणून जबाबदारी मुलांच्या अंगावर टाकायची, हे मला पटत नाही. आधी शिक्षक आणि पालकांना शिकवा.

---

रानजाई

मी भूलतज्ज्ञ आहे, आणि शाळांमधून हे शिकवलंही आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक घोटाळा दूर करू. हृदयविकाराचा झटका वेगळा आणि हृदय बंद पडणं वेगळं. झटक्यात छातीत दुखतं, घाम फुटतो, पण माणूस शुद्धीवर असतो, बोलतो. त्याला सीपीआर नाही, त्याला दवाखाना. हृदय बंद पडलं की माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होतो आणि नीट श्वास घेत नाही. सीपीआर त्याच्यासाठी. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही तर चार ते सहा मिनिटांत इजा सुरू होते. एवढ्या वेळात खेड्यात सोडा, पुण्यातही रुग्णवाहिका दारात येत नाही. म्हणून शेजारी जो कोणी असेल त्यानेच सुरुवात करायची असते.

मुलांना क्रम असा द्या. आधी जागा सुरक्षित आहे का बघा (विजेची तार, रस्ता, पाणी). खांदे हलवून मोठ्याने हाक मारा. ओ देत नसेल तर छाती वरखाली होतेय का ते दहा सेकंद बघा, जास्त नाही. अधूनमधून आचके दिल्यासारखा, घरघरणारा श्वास म्हणजे श्वास चालू असणं नव्हे. हे तीनदा सांगा, कारण मोठी माणसंही इथेच फसतात. मग आरडाओरडा करून माणसं गोळा करा, १०८ लावा, फोन स्पीकरवर ठेवा. आणि छातीच्या मधोमध, दोन्ही तळहात एकावर एक, कोपर ताठ ठेवून दाबायला लागा. मोठ्या माणसाला ५ ते ६ सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची.

वयाबद्दल. २००७ मध्ये कार्डिफच्या एका अभ्यासात शाळकरी मुलांच्या तीन गटांना हे शिकवून पाहिलं. बाहुलीची छाती पुरेशी खोल दाबणं ९-१० वर्षांच्या एकालाही जमलं नाही. ११-१२ वर्षांच्या १९ टक्के मुलांना जमलं, १३-१४ वर्षांच्या ४५ टक्के. पण हात कुठे ठेवायचे आणि किती वेगाने दाबायचं हे तिन्ही गट शिकले. म्हणजे तुमच्या सहावीतल्या मुलाच्या अंगात कदाचित ताकद नसेल, पण तो शेजारच्या काकांना "इथे हात ठेवा, जोरात दाबा, थांबू नका" असं सांगू शकतो. माझ्या मते हेच खरं काम आहे. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पाठिंबा दिलेल्या निवेदनातही वयाच्या बाराव्या वर्षापासून, दरवर्षी दोन तास असंच सांगितलंय.

आपल्याकडे भारतीय भूलतज्ज्ञ संघटनेच्या पुढाकाराने सामान्य माणसांसाठी 'कोल्स' नावाची पद्धत बसवली आहे. त्यात फक्त छाती दाबायची, तोंडाने श्वास नाही. शाळेसाठी ती सोपी पडते.

आणि काय टाळावं याचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर: मुलांनी एकमेकांच्या छातीवर दाबून सराव करायचा नाही. धडधाकट मुलाची छाती अशी दाबली तर इजा होते. पहिल्या पाच मिनिटांत हे सांगा आणि शेवटच्या पाच मिनिटांत पुन्हा सांगा.

---

पाटपाणी

डॉक्टर, सगळं मान्य. पण मी मराठवाड्यातला शेतकरी. आमच्याकडे मुलांच्या डोळ्यांदेखत माणसं जातात ती हृदय बंद पडून कमी, विहिरीत आणि शेततळ्यात जास्त. मे महिन्यात पोहायला जाऊन एक बुडतो, त्याला काढायला दुसरा उडी मारतो, दोघंही जातात. दुसरं म्हणजे पान लागणं, साप चावणं. तुमच्या धड्यात ही दोन आधी पाहिजेत, सीपीआर नंतर.

---

रानजाई

@पाटपाणी, तुमचं बरोबर आहे आणि मी लिहिलेल्यात एक दुरुस्तीही करायला हवी. बुडालेल्या माणसाचा प्राणवायूच संपलेला असतो, त्यामुळे तिथे नुसती छाती दाबून पुरत नाही. ज्याला शिकवलेलं आहे त्याने आधी तोंडाने श्वास द्यावेत, मग ३० दाब आणि २ श्वास असं चालू ठेवावं. ज्याला श्वास देता येत नाही त्याने निदान दाबायला सुरुवात करावी. पोट दाबून, उलटं टांगून, माठावर पालथं घालून पाणी काढत बसायचं नाही. त्यात हातची मिनिटं जातात.

पण सहावीच्या मुलाला याहून आधी शिकवायचं ते हे की पाण्यात उडी मारायची नाही. दोर, बांबू, ओढणी, बूच लावलेला रिकामा कॅन, जे हाताला लागेल ते फेकायचं आणि ओरडायचं.

सापाचं: आपल्याकडचे चार जहाल विषारी म्हणजे नाग, मण्यार, घोणस, फुरसं. करकचून बांधू नये, कापू नये, चोखू नये, साप मारायला मागे धावू नये. हातपाय न हलवता, धीर देत, प्रतिविष मिळेल अशा दवाखान्यात. मण्याराचं मात्र मुलांना वेगळं सांगा. तो रात्री जमिनीवर झोपलेल्यांना चावतो, फारसं दुखत नाही, सूज येत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात आणि पुढे श्वासाचे स्नायू बंद पडतात. हृदय चालू असतं तोवर श्वास देत राहिलं तर असा माणूस वाचू शकतो.

---

पाटपाणी

पापण्यांचं माहीत नव्हतं. गावच्या ग्रुपवर टाकतो.

---

कोपनहेगनकर

इकडचं सांगतो. डेन्मार्कमध्ये २००५ पासून शाळेत हे सक्तीचं आहे. वाहन परवान्यासाठीही प्रथमोपचाराचा वर्ग करावा लागतो, मी स्वतः केला. २००१ मध्ये दवाखान्याबाहेर हृदय बंद पडलेल्यांपैकी साधारण २१ टक्के लोकांना आसपासच्या माणसांकडून सीपीआर मिळत होता, २०१० मध्ये ते ४५ टक्क्यांच्या जवळ गेलं. तीस दिवसांनंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण त्याच काळात ३.५ वरून १०.८ टक्क्यांवर गेलं. हे श्रेय एकट्या शाळांचं नाही, रुग्णवाहिका आणि दवाखान्यातले उपचारही सुधारले. पण कोणी कोसळलं की आपण पुढे व्हायचं, ही सवय इथे लहानपणापासून लागते.

१२ जून २०२१ ला इथल्याच मैदानावर फिनलंडविरुद्धच्या फुटबॉल सामन्यात डेन्मार्कचा खेळाडू क्रिस्तियान एरिक्सन कोसळला तेव्हा आम्ही घरी टीव्ही बघत होतो. कर्णधार सिमोन केअर धावत त्याच्याकडे गेला, आणि मग सगळा संघ पाठमोरा कडं करून उभा राहिला. माझा मुलगा तेव्हा सातवीत होता. मी नुसता सुन्न बसलो होतो आणि तो शेजारी पुटपुटत होता, "यंत्र आणा, यंत्र आणा." शॉक द्यायचं यंत्र, एईडी. ते वापरलं गेलं आणि एरिक्सन वाचला, पुढे पुन्हा खेळलाही.

@मनवाचीआई, तुमची भीती मला कळते. माझ्या मुलाला शिकवताना बाईंनी पहिलंच वाक्य हे सांगितलं होतं की तुम्ही प्रयत्न करूनही बरीच माणसं वाचत नाहीत, आणि तो तुमचा दोष नसतो.

---

जुनाजाणता

माझं वय ७१. कांद्यावरून आठवलं. आमच्या लहानपणी फिट आली की कांदा नाहीतर चप्पल हुंगवायची, दातखीळ बसली की चमचा घालून तोंड उघडायचं, भाजलं की शाई लावायची. घोळणा फुटला की डोकं मागे करून टाळूवर पाण्याची धार. यातलं किती बरोबर होतं?

---

रानजाई

काका, एकही नाही. :) फिट आली की आसपासच्या टोकदार वस्तू दूर करा, डोक्याखाली मऊ काही द्या, तोंडात काहीही घालू नका, थांबल्यावर कुशीवर वळवा. पाच मिनिटांत थांबली नाही तर रुग्णवाहिका. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी, बाकी हळद, शाई, टूथपेस्ट काही नको. घोळणा फुटला तर डोकं पुढे झुकवून नाकाचा मऊ भाग दहा-पंधरा मिनिटं चिमटीत धरायचा.

---

जुनाजाणता

आमच्या आईने अख्ख्या आळीचे घोळणे मागे डोकं करून थांबवले. आज ती असती तर तुमचं-तिचं चांगलं जुंपलं असतं, आणि मग तिने तुम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नसतं.

---

वडाखाली

वकील या नात्याने एक मुद्दा. "मदत केली तर पोलीस मागे लागतील" ही भीती पालकसभेत निघेलच. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वं सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मान्य केली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर त्यासाठी दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, नाव सांगायची सक्तीही करता येत नाही. हे कलम रस्ते अपघातापुरतं आहे, तेवढं पालकांना नीट सांगा.

---

लेझीमसर

क्रीडाशिक्षक आहे, बाहुलीचं सांगतो. विकतची नको. थंड पेयाची १ लिटरची रिकामी बाटली, बूच घट्ट लावलेली, जुन्या गोधडीत गुंडाळायची आणि फाटक्या शर्टात भरून बटणं लावायची. पुरेसं दाबलं की बाटली टक् करते, सोडली की वर येते. मुलांना तो आवाज काढायचाच असतो, त्यामुळे जोर आपोआप लागतो. आम्ही पंचवीस मुलांमागे चार केल्या.

तालाचं: मी लेझमीवर करून पाहिलं, पण लेझीम हळू सुरू होऊन पळत सुटते, मुलंही पळत सुटली. मोबाइलवर मेट्रोनॉम (ठरावीक वेगाने टिकटिक करणारं अ‍ॅप) मिनिटाला ११० ला लावा आणि मोठ्याने आकडे मोजायला लावा. दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. आठवीतली दांडगी पोरंही दीड मिनिटात घामाघूम होतात.

---

स्टाव्हांगर

बाहुलीवरून थोडं अवांतर. ही सरावाची बाहुली ज्यांनी बनवली ते आस्मुंड लेरदाल मुळात खेळणी बनवणारे होते, मी राहते त्याच गावचे, नॉर्वेतल्या स्टाव्हांगरचे. छाती दाबण्याची पद्धत अमेरिकेत १९६० मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी बाहुली आली. तिचा चेहरा एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या सेन नदीत सापडलेल्या अनोळखी तरुणीचा म्हणून जो मुखवटा प्रसिद्ध होता, त्यावरून घेतलाय. १९६१ मध्ये तर नॉर्वेच्या शाळांत हे शिकवायला सुरुवातही झाली. गोधडीची बाहुली वाचून फार बरं वाटलं.

---

शाळामाऊली

मी मुंबईत उपनगरातल्या शाळेत हे दोन वर्षं घेतेय. एक अडचण कोणी लिहिली नाही म्हणून लिहिते. सातवीत "छाती" हा शब्द आला की मुलं खुसखुसतात आणि मुली मान खाली घालतात. पहिल्या वर्षी मी मुलींना वेगळं बसवलं. ती माझी चूक होती. रस्त्यात बाई कोसळली तर हात लावायला लोक कचरतात, आणि मी नेमकं तेच मुलांना शिकवत होते. दुसऱ्या वर्षी सगळे एकत्र, एका बाहुलीला शर्ट आणि एकीला पंजाबी ड्रेस. "हात कुठे?" "छातीच्या हाडावर, मधोमध." दहा वेळा म्हणवून घेतलं. अकराव्या वेळी कोणी हसलं नाही.

---

मनवाचीआई

सगळं वाचलं, दोनदा. अजूनही वाटतं की आधी मोठ्यांनी शिकावं. पण कोपनहेगनकरांच्या मुलाच्या बाईंचं पहिलं वाक्य मला कोणी लहानपणी सांगायला हवं होतं.

माझे वडील गेले तेव्हा मी १४ वर्षांची होते. घरात आम्ही सातजण. ते खुर्चीतून घसरले, घरघर चालू होती. आम्हाला वाटलं श्वास चालू आहे, म्हणून गाडी यायची वाट बघत हातपाय चोळत बसलो. वर रानजाईंनी आचक्यांबद्दल लिहिलंय ते काल रात्री वाचलं आणि झोप लागली नाही. ओझ्याची भीती मी लिहिली होती ना, ते ओझं न शिकवताही आलंच आहे.

---

रानजाई

ताई, तो आचक्यांचा श्वास डॉक्टर नसलेल्या कुणालाही श्वासच वाटतो. तुम्ही वडिलांचे हातपाय चोळलेत, ती मायाच होती. व्यक्तिगत संदेश पाठवलाय.

---

कोयनाकाठ | ३ ऑगस्ट, संध्याकाळी ७:२५

उशिरा येतेय, पण दोन्ही शनिवार पार पडले. लेझीमसर, तुमच्या बाटल्या जिंदाबाद! सहा बाहुल्या केल्या. मुलांनी त्यांना नावं ठेवली, एका बाहुलीचं नाव "मुख्याध्यापक", आणि सरांनी स्वतः गुडघे टेकून तिच्यावर सराव केला.

पालकसभेला मी मुलांसोबत पालकांनाही दाबायला बसवलं (मनवाचीआई, हे तुमच्यामुळे). १९ आया आणि ६ वडील आले. तालुक्याहून एक डॉक्टर आले होते, त्यांनी बुडण्याचं आणि सापाचं घेतलं. पाटपाणी, मण्याराच्या पापण्यांचं ऐकून एक आजी म्हणाल्या, आमची धाकटी जाऊ अशीच गेली, आम्हाला देवीचा कोप वाटला होता.

ताकदीचं कार्डिफसारखंच झालं. सहावीच्या फार थोड्यांची बाटली वाजली, आठवीच्या निम्म्यांची तरी वाजली. पण मला सगळ्यात अवघड जाईल असं वाटलं होतं ते सोपं गेलं, आणि जे सोपं वाटलं होतं तिथे आम्ही अडकलो. फोन!

मी १०८ वरची बाई झाले आणि मुलांना एकेक करून खोटा फोन लावायला सांगितला. "कुठून बोलताय?" "घरून." "घर कुठे?" "आमच्या मळ्यात." "कुठला मळा?" "आमचाच." ९४ पैकी जेमतेम दहा-बारा मुलांना बाहेरच्या माणसाला घर सापडेल असा पत्ता सांगता आला. आमच्याकडे घरांना नंबर नाहीत, रस्त्यांना नावं नाहीत. गावात सगळे सगळ्यांना ओळखतात, त्यामुळे पत्ता सांगायची वेळच कुणावर येत नाही. खरं सांगायचं तर मलाही माझ्या घराचा पत्ता तीन वाक्यांत सांगता आला नाही.

म्हणून दुसऱ्या शनिवारचा पहिला तास नुसता पत्त्यावर घालवला. मुख्य रस्त्यापासून सुरुवात, खुणा अशा की ज्या रात्रीही दिसतील ("चिंचेच्या झाडापाशी" रात्री उपयोगाचं नाही, देवळाचा दिवा उपयोगाचा), वळण डावं की उजवं, आणि गाडीला सामोरं कोण जाईल. ते कागदावर लिहून घरात दारामागे चिकटवायचं. एक मुलगा घरी जाऊन आजोबांशी भांडला, कारण आजोबांच्या मते रस्ता उजवीकडे वळतो. दोघं बाहेर जाऊन बघून आले. मुलगा बरोबर होता.

---

लेझीमसर

पत्त्याचा तास आम्हीही घेणार. हे आम्हाला इतकी वर्षं सुचलं नाही.

---

वडाखाली

बाई, एखादा कागद इथे उतरवून द्याल का? नमुना म्हणून. नावगाव काढून.

---

कोयनाकाठ

सहावीतल्या एका मुलीचा देते, तिच्या परवानगीने. गावाचं नाव काढलंय, बाकी तिच्याच शब्दांत:

"कारखान्याच्या रस्त्याने या. पूल लागतो. पूल झाल्यावर दुसरं शेततळं, पहिलं नाही. तिथून डाव्या हाताला कच्चा रस्ता आहे, पावसात गाडी रुतते म्हणून कडेने या. मारुतीच्या देवळाचा लाइट दिसेल. देवळाच्या मागे निळा पत्रा ते आमचं घर. कुत्रं बांधून ठेवते. माझा भाऊ आजीपाशी थांबेल आणि मी बॅटरी घेऊन शेततळ्यापाशी उभी राहीन."